मंदी आली, तरी गारवा हवाच!

डिसेंबरातली सकाळ. हेब्बाळच्या तळ्यावर अजून धुक्याचा पातळ पदर आहे. पाण्यातून वर आलेल्या वाळक्या फांद्यांवर पाणकावळे पंख वाळवत बसलेत. तळ्याच्या कडेनं जाणाऱ्या बल्लारी रोडवर मात्र विमानतळाकडे धावणाऱ्या टॅक्सी, ऑफिसच्या बसेस आणि दुचाक्या यांची एकच गर्दी उसळली आहे. या दुचाक्यांकडे जरा नीट पाहिलं, की त्यांतल्या काहींवर एक ठरावीक सामान दिसतं. मागच्या सीटवर बांधलेलं तांब्याच्या नळीचं वेटोळं, पाणी मारायचा पंप, खांद्याला हत्यारांची बॅग आणि पायाशी उभा केलेला गॅसचा छोटा सिलिंडर...

हा एसीवाला. आणि तोही ऐन थंडीत, कामाला निघालेला!

गंमत म्हणजे हे दृश्य बंगळुरूमधलं आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेलं हे गाव 'पेन्शनरांचं नंदनवन' आणि 'वातानुकूलित शहर' म्हणून मिरवायचं. घरात पंखा नसला तरी चालतं, असं इथले जुने लोक अभिमानानं सांगायचे. ते दिवस गेले. २४ एप्रिल २०१६ रोजी या शहरात पारा ३९.२ अंशांवर पोहोचला. २०२४ च्या उन्हाळ्यात पाण्याचं दुर्भिक्ष आणि उकाडा दोन्ही एकदम आले. देवानं दिलेला एसी बंद पडला आणि माणसानं बनवलेल्या एसीचे दिवस आले.

पण प्रश्न उकाड्याचा नाही, पोटाचा आहे. दहावी-बारावीचा निकाल लागला, की घरोघरी तोच विषय निघतो. मुलाला कोणत्या लाइनला घालायचं? कॉम्प्युटरला घातलं, तर कंपनी कधी माणसं कमी करेल सांगता येत नाही. कारखान्यात चिकटवावं, तर कायमची नोकरी देतो कोण? मग कुणीतरी सुचवतं, 'एसी-फ्रिजच्या कामाला लावा. मंदी आली तरी फ्रिज बंद पडायचे राहतात का?' बोलणं पटण्यासारखं वाटतं. पण ते कितपत खरं? याचं उत्तर शोधायला हेब्बाळइतकी चांगली जागा क्वचितच सापडेल.

पेर्बोळलपासून फ्लायओव्हरपर्यंत

विधानसौधापासून आठ-दहा किलोमीटरवर, शहराच्या उत्तर वेशीवर हेब्बाळ आहे. गाव बंगळुरूपेक्षाही जुनं. इथे सापडलेल्या इसवी सन ७५० च्या सुमाराच्या कन्नड वीरगळावर या भागाचं नाव 'पेर्बोळल' असं कोरलेलं आहे. राष्ट्रकूटांच्या माणसांशी लढताना मेलेल्या कित्तय्या नावाच्या वीराची ही आठवण. राष्ट्रकूट म्हणजे आपल्या वेरूळचं कैलास लेणं खोदवणारे राजे, म्हणजे महाराष्ट्राशी या गावाची ओळख तेव्हापासूनची! तळं सोळाव्या शतकातलं, केंपेगौडाच्या काळातलं मानलं जातं. पुढे शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळात बंगळुरूत मराठी बोल घुमले, हे तर शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं.

१८९९ साली म्हैसूरच्या महाराणी केंपनंजम्मण्णी यांनी इथे ३० एकर जमीन शेतीच्या प्रयोगांसाठी दिली. त्या बीजातून शेतीशाळा, मग कृषी विद्यापीठ उभं राहिलं. १९५८ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय आलं. हेब्बाळ म्हणजे तळं, शेतं, गुरं आणि पुस्तकं, अशीच ओळख बरीच वर्षं टिकली.

२००३ मध्ये फ्लायओव्हर उभा राहिला आणि मे २००८ मध्ये देवनहळ्ळीचा आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला. तिथून पुढे गावाचा नूरच पालटला. विमानातून उतरलेला प्रत्येक जण हेब्बाळवरूनच शहरात शिरू लागला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हॉटेलं, इस्पितळं, काचेच्या इमारती आल्या. नागवाऱ्याच्या बाजूला मान्यता टेक पार्कचं जणू स्वतंत्र शहरच वसलं. काचेची इमारत म्हटली, की एसी आलाच. खिडक्या उघडत नाहीत आणि दिवसभर ऊन आत येतं. एसी बंद पडला, तर तासाभरात माणसं बाहेर!

बल्लारी रोडवर मराठी माणसाला एक ओळखीची पाटीही दिसते - किर्लोस्कर बिझनेस पार्क. १९१० साली कुंडलजवळच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या लक्ष्मणरावांच्या घराण्यानं १९४६ मध्ये बंगळुरूत किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी काढली. गारव्याच्या धंद्याशीही या नावाचा जवळचा संबंध आहे. १९५८ मध्ये पुण्यात सुरू झालेली किर्लोस्कर न्यूमॅटिक शीतगृहांना आणि बर्फाच्या कारखान्यांना लागणारे कॉम्प्रेसर बनवत आली आहे.

घड्याळं थांबली...

कायमची नोकरी म्हणजे काय, हे एके काळी बंगळुरूला कुणी शिकवावं लागत नव्हतं. हेब्बाळच्या पश्चिमेला जलहळ्ळी आहे. तिथे १९५३ साली एचएमटी सुरू झाली आणि १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं घड्याळांचा कारखाना निघाला. लग्नात जावयाला, पहिल्या नंबरानं पास झालेल्या मुलाला एचएमटीचं घड्याळ द्यायची पद्धत महाराष्ट्रातही होती. एचएमटीत लागणं म्हणजे क्वार्टर, कँटीन, शाळा, दवाखाना आणि म्हातारपणाची सोय. मुलगी द्यायला लोक एका पायावर तयार!

आणि तरीही ती घड्याळं थांबली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारनं एचएमटी वॉचेस बंद करण्यावर शिक्कामोर्तब केलं. कारागीर वाईट नव्हते. घड्याळंही वाईट नव्हती. लोकांनी ती घ्यायचं सोडलं, एवढंच. नवा माल विकण्यावरच ज्या धंद्याचं पोट चालतं, त्याची ही कायमची धास्ती. गिऱ्हाइकानं पाठ फिरवली, की कारखान्याच्या भिंती कितीही भक्कम असल्या तरी उपयोग नसतो.

गारव्याच्या धंद्यालाही हा नियम लागू आहे, पण अर्धाच. कारण या धंद्याची दोन पोटं आहेत. एक नवं बसवण्याचं आणि दुसरं बसवलेलं चालू ठेवण्याचं. मंदी येते तेव्हा पहिलं पोट रिकामं राहतं. दुसरं मात्र, थोडं कमी का होईना, भरतं.

जुनी गोष्ट, नवा धडा

हे काही आजचं नाही. विलिस कॅरियर या तरुण अमेरिकन इंजिनिअरनं १९०२ मध्ये पहिल्या आधुनिक एसी यंत्रणेचा आराखडा केला, तो माणसांसाठी नव्हताच. ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेमुळे कागद फुगायचा आणि रंग एकमेकांवर नीट बसायचे नाहीत. त्यावरचा तो उपाय. म्हणजे गारवा हा जन्मापासून चैनीचा नव्हे, कामाचा होता!

१९२९ नंतरच्या महामंदीत अमेरिकेत लाखो लोक बेकार झाले. बांधकामं थांबली, त्याबरोबर मोठ्या इमारतींच्या एसीची कामंही थांबली. पण घरातला फ्रिज मात्र थांबला नाही. १९३० च्या सुमाराला तिथल्या जेमतेम ८ टक्के घरांत विजेचा फ्रिज होता, १९४० पर्यंत तो सुमारे ४४ टक्के घरांत पोहोचला. अन्न वाया जाऊ न देणं ही पैशांच्या ओढाताणीत अधिकच मोठी गरज असते.

आपल्याकडचं उदाहरणही बोलकं आहे. मोहन अडवाणी यांनी १९४३ मध्ये मुंबईत ब्लू स्टार सुरू केली. दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. तेव्हा या दोन माणसांच्या कंपनीचं काम काय होतं? जुने एसी आणि फ्रिज दुरुस्त करून पुन्हा चालते करणं! देशातल्या एका बड्या एसी कंपनीची सुरुवात दुरुस्तीतून झाली. टाटा आणि फोल्कार्ट ब्रदर्स यांनी मिळून काढलेली व्होल्टास त्यानंतरची, १९५४ ची.

हेब्बाळचा न दिसणारा गारवा

हेब्बाळमध्ये एक चक्कर मारली, की बसवलेलं चालू ठेवण्याचं काम किती प्रकारचं असतं ते कळतं. घरातला दीड टनाचा एसी हा त्यातला सगळ्यात साधा प्रकार. (दीड टन हे एसीचं वजन नव्हे, बरं का! एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी ओढण्याची ताकद म्हणजे एक टन.)

पहिला मुक्काम पशुवैद्यकीय संस्थांचा. जनावरांच्या लशी बनवणारी राज्य सरकारची संस्था इथे आहे. तिचं मूळ १९२५ साली म्हैसूर संस्थानात बुळकांडीशी लढण्यासाठी निघालेल्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये आहे. बुळकांडी २०११ मध्ये जगातूनच हद्दपार झाल्याचं जाहीर झालं, पण लाळ्या-खुरकूत काही गेलेला नाही. त्यावर संशोधन करणारं भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचं केंद्रही हेब्बाळचंच. या रोगाची लस २ ते ८ अंशांतच ठेवावी लागते. गोठली तरी वाया, तापली तरी वाया. शेअर बाजार कोसळला म्हणून गाईला होणारा रोग थांबत नाही, आणि लशीचा फ्रिजही बंद ठेवता येत नाही.

दुसरा मुक्काम किड्यांचा! शेतीला उपयोगी कीटकांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था बल्लारी रोडवर आहे. उसाच्या खोडकिडीची अंडी फस्त करणारा ट्रायकोग्रामा आपल्या कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्यांना माहीत असतो. हा डोळ्यांना जेमतेम दिसणारा किडा प्रयोगशाळेत वाढवायचा, तर खोलीचं तापमान २५-२७ अंशांच्या आसपास कायम राखावं लागतं. ट्रायकोकार्डातून किडे लवकर बाहेर पडू नयेत म्हणून कार्ड थंडीत ठेवावी लागतात. एका रात्रीत एसी बिघडला, तर महिन्यांची मेहनत मातीत.

तिसरा मुक्काम फुलांचा. हेब्बाळनं आंतरराष्ट्रीय फुलांचा लिलावही पाहिला आहे. तो हॉलंडच्या पद्धतीचा, जिथे बोली खालून वर चढत नाही, भाव वरून खाली उतरतो आणि पहिलं बटण दाबणाऱ्याला माल मिळतो. गुलाब तोडल्यापासून त्याला थंडीत ठेवला नाही, तर लिलावापर्यंतच मान टाकतो. पण इथेच या धंद्याची दुसरी बाजूही दिसते. २०२० च्या लॉकडाउनमध्ये लग्नं थांबली, देवळं बंद झाली, विमानं उडेनात. कर्नाटकातल्या शेतकऱ्यांनी फुलं उकिरड्यावर टाकली. माल साठवण्याची कितीही चांगली सोय असली, तरी विकलाच जाणार नसेल तर ती किती दिवस चालवणार? ज्या गिऱ्हाइकाचं पोट मंदीत उपाशी, त्याचा कारागीरही उपाशी.

चौथा मुक्काम इस्पितळांचा. १९७३ पासून चालत आलेलं बॅप्टिस्ट हॉस्पिटल आणि विमानतळाच्या रस्त्यानं आलेली नवी रुग्णालयं. ऑपरेशन थिएटरमधली हवा तासाला सुमारे २० वेळा बदलावी आणि गाळावी लागते. एमआरआय यंत्रातलं चुंबक उणे २६९ अंशांच्या द्रवरूप हेलियममध्ये बुडालेलं असतं, आणि ते थंड ठेवणारी यंत्रणा रात्रंदिवस चालू लागते. इस्पितळाचा एसीवाला म्हणजे खरं तर अर्धा वॉर्डबॉयच. त्याच्या ड्युटीला रात्र नाही, दिवाळी नाही.

आणि पाचवा मुक्काम कॉम्प्युटर कंपन्यांचा. तिथे माणसांपेक्षाही यंत्रांना गारवा जास्त लागतो. सर्व्हरच्या खोलीतला एसी बंद पडला, तर काही मिनिटांत धोक्याची घंटा वाजते. कंपनीनं माणसं कमी केली, तरी सर्व्हर कमी होतातच असं नाही.

वादळं कशी आली, कशी गेली

आता हिशेब मांडू या. २००१ च्या आसपास अमेरिकेतला डॉटकॉमचा फुगा फुटला, त्याची झळ बंगळुरूला बसली. मग २००८. मे महिन्यात विमानतळ सुरू झाला आणि १५ सप्टेंबरला अमेरिकेत लेहमन ब्रदर्स कोसळली. ९ टक्क्यांच्या आसपास धावणारा भारताचा विकासदर त्या वर्षी ६.७ टक्क्यांवर आला. हेब्बाळच्या रस्त्याला नवी इमारत बांधण्याची स्वप्नं पाहणाऱ्यांनी हात आखडते घेतले.

अशा वेळी या धंद्यात सगळ्यात आधी कुणाचं काम जातं? डक्ट बसवणाऱ्याचं. इमारतीच्या छतातून जाणारे पत्र्याचे बोगदे बनवणारा, पाइप ओढणारा, चिलर क्रेननं गच्चीवर चढवणारा, ही सगळी माणसं नव्या बांधकामावर जगतात. बिल्डरनं पैसे अडकवले, की ठेकेदार अडकतो. ठेकेदार अडकला, की हेल्परला गावाकडची गाडी पकडावी लागते. दुसरा नंबर लागतो शोरूममध्ये एसी विकणाऱ्याचा.

ज्याच्या हातात बसवलेल्या यंत्राची देखभाल असते, त्याचं मात्र उलट होतं. नवा एसी घ्यायला पैसे नाहीत म्हणून लोक जुना आणखी दोन उन्हाळे ओढतात, आणि ओढायचा म्हणजे दुरुस्त करायला हवाच. मोठ्या इमारतीच्या वीजबिलात एसीचा वाटा मोठा, म्हणून खर्च कमी करायला निघालेला मॅनेजर आधी त्यालाच बोलावतो. थंडी तीच राहू दे, पण बिल कमी कर! असा जाणकार मंदीत जास्तच लागतो.

२०२० मात्र सगळ्यांपेक्षा वेगळं निघालं. लॉकडाउन लागला २५ मार्चला, म्हणजे एसीच्या हंगामाच्या तोंडावर. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाची अर्थव्यवस्था जवळपास एक चतुर्थांशानं आक्रसली. शीतगृहांना पहिल्या दिवसापासून सूट होती. २० एप्रिलपासून इलेक्ट्रिशियन, प्लंबर, मोटर मेकॅनिक, सुतार यांना काम करायची मुभा मिळाली. यादीत एसी मेकॅनिकचं वेगळं नाव नव्हतं! शिवाय अनोळखी माणसाला घरात घ्यायला कुणी तयार नव्हतं. एसीतून रोग पसरतो की काय, ही भीती वेगळीच. ज्याचं सगळं पोट घरगुती सर्व्हिसिंगवर होतं, त्याचा अख्खा उन्हाळा बुडाला. आणि उन्हाळा बुडाला म्हणजे वर्ष बुडालं.

त्याच वेळी इस्पितळांत मात्र हवेचा दाब कमी ठेवणाऱ्या, तासाला १२ वेळा हवा बदलणाऱ्या विलगीकरणाच्या खोल्या हव्या होत्या. ते काम येणाऱ्यांना झोपायलाही वेळ नव्हता. १२ जानेवारी २०२१ रोजी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून लशीची पहिली खेप निघाली, तीही २ ते ८ अंशांत. त्याच दिवशी ती बंगळुरूत उतरली. दंडाला टोचून घेताना कुणाच्या लक्षातही आलं नाही, की या सुईपर्यंत थंडी पोहोचवणारी माणसंही आहेत.

मग २०२२-२३ मध्ये स्टार्टअप कंपन्यांतली नोकरकपात आली. तेव्हाही तेच चित्र. नवी ऑफिसं लांबणीवर, जुन्यांची देखभाल चालूच.

काम टिकतं, पगार टिकतोच असं नाही

म्हणजे ही सोन्याची खाण समजायची का? थोडं थांबा. काम टिकणं आणि नोकरी टिकणं यांत फरक आहे.

अनेक कंपन्या सर्व्हिसचं काम फ्रँचायझीकडे सोपवतात. अंगात कंपनीचा शर्ट असतो, पण पगार तिसराच कुणी देतो. कुठे तो कॉलमागे मिळतो, कुठे पीएफ आणि ईएसआय कागदावरच राहतात. मोबाइलच्या ॲपवरून काम घेणाऱ्याला गिऱ्हाईक घरबसल्या मिळतं, पण तारे कमी पडले की कामही कमी होतं. मंदीत इमारतीचा मालक देखभालीचा वार्षिक करार मोडत नाही, पण रकमेवर कात्री लावतो. मग पूर्वी तिघं करायचे, ते काम दोघांवर पडतं.

जिवाचा धोकाही आहे. बाहेरचं युनिट आठव्या मजल्याच्या भिंतीवर लटकलेलं असतं. तिथे पट्टा न बांधता उतरणारी पोरं पाहिली, की काळजात धस्स होतं. दहा मिनिटं वाचवण्यासाठी घरचा कमावता हात गमवायचा का, हे आईबापांनी आणि तितकंच गिऱ्हाइकानंही विचारायला हवं.

त्यात हंगामाचा फेरा. बंगळुरूत फेब्रुवारीअखेर ते मे महिन्यापर्यंत श्वास घ्यायला फुरसत नाही. जूनमध्ये पाऊस आला, की फोन थंडावतात. इथे कामी येते दुसरी बाजू, उष्णतेची! कर्नाटकात २००७ च्या सुमारास ठरावीक आकाराच्या नव्या घरांना सोलर वॉटर हीटर सक्तीचा झाला. हेब्बाळच्या फ्लायओव्हरवरून जाताना गच्चीगच्चीवर त्या काळ्या नळ्या आणि पांढऱ्या टाक्या दिसतात. बोअरच्या जड पाण्यानं त्यांत क्षार साचतात, थंडीत पाणी तापेनासं होतं आणि लोक घाईघाईनं माणूस शोधतात. ज्याला गीझर आणि सोलर दोन्ही येतं, त्याचा डिसेंबर रिकामा जात नाही. सकाळच्या धुक्यात निघालेल्या त्या दुचाकीचं कोडं इथे सुटतं. उन्हाळ्यात गार करणारा, थंडीत गरम करणारा, आणि मधल्या काळात इस्पितळाच्या किंवा शीतगृहाच्या करारावर असणारा माणूस बारा महिने उभा राहतो.

शिकत राहील तो टिकेल

या धंद्याची शाळा कधी सुटत नाही. ओझोनचा थर वाचवण्यासाठी १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. २०१० पासून सीएफसी वायू बंद झाले. मग आलेला आर-२२ही २०३० पर्यंत टप्प्याटप्प्यानं जातो आहे. हवामान तापवणाऱ्या पुढच्या वायूंवर किगालीच्या दुरुस्तीनं मर्यादा आणली, तिला भारतानं २०२१ मध्ये मान्यता दिली. आज घरगुती एसीत सर्रास दिसणारा आर-३२ काही प्रमाणात पेट घेऊ शकतो, आणि काही यंत्रांत वापरला जाणारा आर-२९० म्हणजे तर शुद्ध प्रोपेन. जुन्या सवयीनं, पाइपात गॅस असतानाच वेल्डिंगची ज्योत लावणाऱ्याचं इथे काम नाही.

२०१९ मध्ये केंद्र सरकारनं 'इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅन' जाहीर केला. २०१७-१८ च्या तुलनेत २०३७-३८ पर्यंत देशातली गारव्याची मागणी सुमारे ८ पट होईल, असा त्यातला अंदाज. तेव्हा देशातल्या जेमतेम ८ टक्के घरांत एसी होता. एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्टही त्यात होतं. यंत्रं वाढणार, हे नक्की. ती जाणणारे हात तेवढे वाढतील का, हा प्रश्न आहे.

म्हणून मुलाला या लाइनला घालताना आईबापांनी चार गोष्टी बघाव्यात. एक, आयटीआयचा दोन वर्षांचा रेफ्रिजरेशन आणि एअरकंडिशनिंगचा कोर्स पुरा करावा, आणि त्यानंतर अप्रेंटिसशिप. नुसतं कुणाच्या हाताखाली पाने उचलून शिकलेल्याला इस्पितळाचं दार उघडत नाही. दोन, वायरिंग आणि इलेक्ट्रॉनिक कार्ड यांचं ज्ञान हवंच. इन्व्हर्टर एसीत अर्धं दुखणं तिथेच असतं. तीन, नोकरी धरताना पगाराच्या आकड्याआधी पीएफ, विमा आणि सुरक्षेचा पट्टा यांची चौकशी करावी. आणि चार, गिऱ्हाईक कोण आहे ते पाहावं. मॉल, बिल्डर आणि शोरूम मंदीत आधी डगमगतात. दूध, औषध, इस्पितळ आणि सर्व्हर सगळ्यात शेवटी.

गिऱ्हाइकानंही एक लक्षात ठेवावं. एसीतला गॅस स्कूटरमधल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता दर उन्हाळ्यात नुसता 'गॅस भरून' जाणाऱ्याला पैसे देण्यापेक्षा, गळती शोधणाऱ्याला चार पैसे जास्त दिलेले परवडतात. चांगला कारागीर मंदीत तगायचा असेल, तर त्याच्या हाताची किंमत चांगल्या दिवसांतही ओळखायला हवी.

संध्याकाळी तळ्यावर पुन्हा पक्षी परततात. फ्लायओव्हरवर दिव्यांची माळ पेटते. काचेच्या इमारतींतून माणसं बाहेर पडतात, कुणी उद्याच्या मीटिंगची, कुणी उद्याच्या नोकरीची काळजी घेऊन. त्यांच्या डोक्यावर, गच्चीतल्या अंधारात, चिलरची घरघर चालूच असते. तिथे एक माणूस टॉर्चच्या उजेडात दाबाचा काटा पाहतो आणि वहीत आकडा टिपतो. खाली लशीचा फ्रिज, ऑपरेशनचं टेबल, सर्व्हरची खोली, सगळं त्या आकड्यावर अवलंबून. बाजार चढो की उतरो, हा काटा पाहायला रात्रपाळीला कुणीतरी यावंच लागतं.